झुबेदाची मूठ

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार

डॉक्टर मॅडमनी वही करायला सांगितली आहे. झुबेदाची बोटं सकाळी किती वेळ आखडलेली असतात, ताप येतो का, घरात काय चाललंय, सगळं रोज लिहायचं आणि नंतर दाखवायचं. लिहायचं खरं झुबेदाने. पण पेन धरलं की पाच मिनिटांत तिच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून लेकीने, लायबाने, ही वही माझ्या पुढ्यात टाकली. "अब्बा, तुमचं अक्षर चांगलंय." चांगलं आहेच. पूर्णगडच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, अयूबची अक्षरं म्हणजे फळीवर मांडलेले बांगडे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला.

झुबेदा माझी बायको. वय बावन्न. नऊ वर्षं आमवात. सकाळी उठल्यावर दीड तास तिची मूठ वळत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडतो, वेणी लायबा घालते, नमाज ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पढते. तक्रार नाही. पण खुर्चीवरून सजद्याला, कपाळ जमिनीला टेकायच्या जागी, नुसती मान झुकवताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. आठवड्याच्या गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत. मॅडम म्हणाल्या, आता शिरेतून औषध देऊ.

आजची नोंद: आखडणं दीड तास. ताप नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर संस्कृती मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या असतील. महिन्यातून दोन शनिवार रत्नागिरीत येतात. आज त्यांनी औषध समजावून सांगितलं आणि मी बघतच राहिलो.

म्हणाल्या, शरीरात राखणदार असतात, बाहेरचा रोग आला की त्याला हाकलतात. झुबेदाच्या राखणदारांचं डोकं फिरलंय, ते घरच्याच माणसांना झोडपतायत. तिच्या सांध्यांना. हे औषध त्या राखणदारांना गप्प बसवतं. बाटलीतलं पाणी आत जाऊन नेमकं त्यांनाच कसं ओळखतं, हे मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं. सुभानअल्लाह, एवढंच कळलं.

"पण चाचा," म्हणाल्या, "राखणदार गप्प झाला की चोराचं फावतं. सगळ्यात मोठा चोर टीबी. अंगात लपून बसलेला असला तरी उठतो. म्हणून आधी तपासण्या." झुबेदाच्या छातीचा फोटो झाला, टीबीसाठी रक्त झालं, कावीळ बघायला रक्त झालं. मग विचारलं, घरात कोणाला टीबी? कोणाला खोकला? मी म्हटलं, "कोणाला नाही."

येताना झुबेदाला म्हटलं, "घाबरू नको गो. तुझा राखणदार झोपला तर मी हाय ना जागा."

२३ नोव्हेंबर, शनिवार

तपासण्या साफ आल्या. टीबी नाही, कावीळ नाही. आखडणं दीड तास.

जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कॉम्प्रेसर चालवतो. जोडीदार निलेश जून महिन्यापासून सुट्टीवर होता, गावी देवरुखला. छातीत काहीतरी झालं होतं म्हणे, सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. आज कामावर आला. चेहरा भरलाय. मे महिन्यापर्यंत आम्ही दोघं एका केबिनमध्ये, एका पेल्यातून चहा. तो खोकायचा, मी हसायचो. आता मी खोकतो तर तो हसत नाही. "चाचा, दाखवून घ्या," म्हणाला. मी म्हटलं, अरे, अमोनिया आणि गारवा एकतीस वर्षं आत गेला की छाती कुरकुरणारच. हा बर्फाचा खोकला. आमच्यात ज्याला तो नाही, त्याला आम्ही नवशिका म्हणतो.

१४ डिसेंबर, शनिवार

औषध कोल्हापूरहून आणायचं आहे. म्हटलं, मी आणतो. विमला सिस्टर मॅडमच्या दवाखान्यात सलाईनच्या खोलीवर असतात, निलेशच्या देवरुखच्याच, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "दोन ते आठ डिग्री. बर्फाला टेकवायचं नाही, हलवायचं नाही. गोठलं की गेलं."

"सिस्टर, एकतीस वर्षं मी बर्फ बनवतोय."

"म्हणूनच तुमची भीती वाटते, चाचा."

राग आला. गार म्हणजे काय ते मला शिकवणार! घरी येऊन थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा भरला, वर मूठभर मीठ मारलं, जसं सुरमयला लांब पाठवताना मारतो. औषधाच्या जागी कोंबडीचं अंडं ठेवलं. संध्याकाळी काढलं तर अंडं तडकलेलं, दगड. पाण्यात ठेवलं, वितळलं. वाटीत फोडलं तर पिवळं तसंच गोल उभं राहिलं, रबराच्या चेंडूसारखं. चमच्याने मोडेना.

मासा गोठवला की टिकतो. हे मला माहीत. पण अंडं वितळलं तरी परत अंडं झालं नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या, हे औषध जिवंत पेशींकडून करवून घेतात, अंड्याच्या पांढऱ्यासारखाच त्याचा जीव. आयुष्यभर मी मेलेल्या मालाची राखण केली. जिवंताची गोष्ट वेगळी, हे छपन्नाव्या वर्षी एका अंड्याने शिकवलं.

झुबेदा म्हणाली, "आता त्याचां काय करायचां?" मांजराने खाल्लं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कोल्हापूरला जाऊन आलो. पेटीत गार पिशव्या, त्यांवर दुपदरी टॉवेल, मध्ये डब्यात औषध, शेजारी कारखान्याचा थर्मामीटर. आंबा घाटात एसटी दणके देते म्हणून पेटी चारही तास मांडीवर, हात खाली. कंडक्टर म्हणाला, "काय चाचा, पापलेट?" म्हटलं, "बायकोचं औषध. हलता कामा नये." त्याने पुढच्या सीटवरचा माणूस उठवला आणि मला तिथे बसवलं. साखरप्याला चहा घेतला नाही. थर्मामीटर पाच. रत्नागिरीला पोचलो तेव्हा पाच. विमला सिस्टरनी तो आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शाब्बास." मॅट्रिक पास झालो तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं.

४ जानेवारी, शनिवार

आज औषध गेलं. आधी सिस्टरनी वजन, ताप, बीपी घेतलं आणि प्रश्न विचारले. ताप? जखम? दात दुखतो? लघवीला जळजळ? कुठली लस घेतली? घरात कोणाला खोकला? झुबेदा माझ्याकडे बघत होती, मीच भराभर सांगितलं, नाही, नाही, नाही.

औषध अगदी पाण्यासारखं. हळूहळू थेंब. वीस मिनिटांनी बघतो तर झुबेदा डाव्या हाताने गळा खाजवतेय, ओढणीच्या आत, कोणाला दिसू नये म्हणून. मी काही म्हणायच्या आत विमला सिस्टरनी थेंब बंद केला. गळ्यावर लाल चट्टे. सुई टोचली, अर्धा तास थांबल्या, मग आणखी हळू सुरू केलं. बीपी पुन्हा पुन्हा. नंतर झुबेदाला झाडलं. "ताई, खाज सुटली तर सांगायचं. छाती भरली, थंडी वाजली, लगेच सांगायचं. इथे सोसणाऱ्याला बक्षीस नाही."

झुबेदा म्हणाली, "तुमी कामात होतात. म्हटलां, जाईल."

मलाही राग आला. सांगायला काय पैसे पडतात? ही बाई स्वतःचं दुखणं लपवून एक दिवस घात करून घेईल. अशा माणसांना काय म्हणावं!

औषध संपल्यावर तासभर बसवून ठेवलं, मग सोडलं. गार खोलीमुळे मला ठसका लागत होता, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन खोकून आलो. आत पेशंट असतात.

७ जानेवारी, मंगळवार



फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर मी चुलीपाशी बसलो होतो. झुबेदा आली, पुढे उभी राहिली, उजवा हात समोर धरला आणि मूठ मिटली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. उघडली. परत मिटली. घड्याळात बघितलं, उठून वीस मिनिटं झाली होती. मग तिने त्याच मुठीने माझ्या खांद्यावर ठोसा मारला.

"लागलां काय?"

"लागलं."

"खरा सांगा."

"खरंच लागलं गो," म्हटलं आणि मला रडू आलं. नऊ वर्षांत तिने मला मारलं नव्हतं. तिलाही रडू आलं. लायबा धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं.

थेंब थेंब पाणी शिरेत गेलं आणि तीन दिवसांत माणसाचा हात परत आला. मी अडाणी नाही, मशीन चालवतो, कशाने काय होतं ते मला कळतं. पण हे मला कळत नाही, आणि न कळणं इतकं गोड असतं हे माहीत नव्हतं.

आखडणं वीस मिनिटं. ताप नाही.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरा डोस. काही त्रास नाही. प्रश्न तेच, उत्तरं तीच. मी व्हरांड्यात दोनदा जाऊन आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा डोस. आता पुढचा आठ आठवड्यांनी, १२ एप्रिलला. कंडक्टर तोच होता, म्हणाला, "चाचा, बेगमचं पापलेट कसं आहे?"

पाहुण्यांना सर्दी असली तर मी दारातूनच परत पाठवतो. काल झुबेदाच्या बहिणीचा नातू शिंकला, त्याला अंगणात बसवून खाऊ दिला. बहीण रुसली. रुसू दे. राखणदार मी आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खुर्ची आज कोपऱ्यात तशीच होती. पहाटे झुबेदा जमिनीवर मुसल्ला अंथरून उभी राहिली, रुकूला वाकली, गुडघे टेकले, आणि कपाळ जमिनीला लावलं. सजद्यात गेली ती किती वेळ उठेचना. मला वाटलं अडकली. पुढे जाणार, तेवढ्यात कळलं की ती अडकलेली नाही, तिला उठायचंच नाही.

मी दाराशी उभा राहिलो, खोकला येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल दाबून. त्या क्षणी आवाज करणं पाप झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

रमजान चालू आहे. रोज्याने मी बराच उतरलोय. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. बरंच आहे, पोट सुटलं होतं. संध्याकाळी अंग कढत लागतं, उन्हाचा ताव. रात्री उशी घामाने भिजते, मार्च महिना आहे, पंखा काय करणार? लायबा म्हणते, "अब्बा, डॉक्टरला दाखवा." ईद होऊ दे म्हटलं. काल इफ्तारनंतर ठसक्यात रुमालावर लाल दिसलं. कलिंगड खाल्लं होतं.

झुबेदा: आखडणं दहा मिनिटं. ताप नाही.

३१ मार्च, सोमवार

ईद. झुबेदाने स्वतः पीठ मळलं, तांदळाच्या भाकऱ्या हातावर थापल्या. नऊ वर्षांनी. टप टप टप असा आवाज घरभर. दुबईहून मुलाचा, अद्नानचा, फोन आला. त्याला म्हटलं, बोलू नको, नुसतं ऐक, आणि फोन परातीजवळ धरला.

मला भूक नव्हती. तरी तीन खाल्ल्या.

१२ एप्रिल, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

पेटी पोचवली, थर्मामीटर पाच. विमला सिस्टरनी प्रश्न विचारले, मी नाही नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आज वही बघू दे." मी कौतुकाने दिली. त्या वाचत गेल्या. अंड्यापाशी हसल्या. ठोशापाशी त्यांचे डोळे ओले झाले, मी बघितलं. मग हसू गेलं. त्यांनी मागची पानं उलटली, पुन्हा पुढची वाचली.

"चाचा, ही वही कोणाची?"

"झुबेदाची."

"हिच्यात झुबेदाताईंचा आजार ओळीओळीने आहे. बाकी सगळा तुमचा." त्यांनी एक बोट नोव्हेंबरच्या पानात ठेवलं, दुसरं मार्चच्या. "खोकला. पट्ट्याचं भोक. घाम. संध्याकाळचा ताप. रुमालावर लाल."

म्हटलं, "मॅडम, तो बर्फाचा खोकला आहे. तिथे सगळ्यांना असतो."

"बर्फाला खोकला होत नाही, चाचा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सिस्टर, आज औषध द्यायचं नाही. चाचांना मास्क द्या."

झुबेदा पलंगावर बाही वर करून तयार बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाही खाली केली.

माझ्या छातीचा फोटो काढला, थुंकी घेतली. औषध तिथल्याच फ्रिजमध्ये राहिलं. चार वेळा मी ते घाटातून मांडीवर आणलं, एक डिग्री इकडची तिकडे होऊ दिली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

टीबीच आहे.

निलेशला फोन केला. म्हणाला, "चाचा, माझापण तोच होता. दवाखान्यातले म्हणाले होते, बरोबरच्या माणसांना तपासायला पाठव. लाज वाटली. लोक पेला वेगळा ठेवतात." त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कुठे वेगळा? त्याला टीबीचं नाव घ्यायची लाज, मला खोकल्याचा मान.

माझ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, सहा महिने, एकही चुकवायची नाही. झुबेदाच्या छातीत डाग नाही, पण रक्तात खूण आली. म्हणजे चोर आत शिरलाय, अजून उठलेला नाही. तिला तो उठू नये म्हणून गोळ्या. लायबालाही. झुबेदाचं शिरेतलं औषध किमान महिनाभर बंद.

मी पडवीत राहायला आलो. ताट खिडकीतून.

जानेवारीतलं पान काढून वाचलं. "अशा माणसांना काय म्हणावं!" असं मीच लिहिलंय, झुबेदाबद्दल. ते खोडणार नाही.

३० एप्रिल, बुधवार

लायबा खिडकीतून सांगते, मी लिहितो. आखडणं चाळीस मिनिटं. खोटं आहे. आज सकाळी भिंतीपलीकडून बरणीचं झाकण ऐकू येत होतं, फिरतंय, थांबतंय, फिरतंय. मग बरणी फळीवर परत ठेवल्याचा आवाज. पूर्वी मी उठून उघडायचो. आज भिंतीच्या अलीकडे मास्क लावून बसून राहिलो.

खुर्ची परत मुसल्ल्याच्या जागी आलीय. लायबाने सांगितलं नाही, तिचे पाय सरकल्याचा आवाज मी ओळखतो.

अल्लाने हात परत दिले होते. ते मी नेले.

१४ मे, बुधवार

भूक लागते. घाम थांबला. दोन भाकऱ्या मागून घेतल्या. याही गोळ्या काही कमी नाहीत: मार्चपासून जो घाम मी उन्हाच्या नावावर खपवला, तो एका महिन्यात गेला. पूर्वी मला चमत्कार झुबेदाच्या बाटलीतच दिसायचा.

कारखान्यातल्या अकरा जणांना तपासायला पाठवलं. मी स्वतः फोन केले, प्रत्येकाला म्हटलं, मला टीबी आहे. पहिल्या फोनला जीभ अडखळली. अकराव्याला नाही. एकाला निघाला.

२३ मे, शुक्रवार

माझी थुंकी साफ आली. मॅडम फोनवर म्हणाल्या, उद्यापासून घरात जायला हरकत नाही, गोळ्या मात्र पुऱ्या करायच्या. आणि झुबेदाला उद्या औषध देऊ. दर वेळी दोघांनी यायचं आणि दोघांना प्रश्न विचारणार.

आज सकाळी वही जागेवर नव्हती. दुपारी ताटाबरोबर खिडकीतून आली, वर भाकरी, खाली वही. मधल्या पानावरचं अक्षर माझं नाही. वाकडं, मोठं, रेघा सोडून चाललेलं. सात ओळींना किती वेळ लागला असेल ते मला माहीत आहे, कारण सकाळभर आतून काहीच आवाज नव्हता. चिकटवून ठेवल्यासारखं जसंच्या तसं इथे उतरवतो, कारण तिचं पान मॅडमना दाखवायला फाडून द्यायचंय:

"सकाळी हात आखडले दीड तास. लायबाला चाळीस सांगितला होता, ते खोटा.
ताप नाय.
जखम नाय.
घरात कोणाला खोकला: हाय. माज्या नवऱ्याला.
बरा होतोय.
रात्री भिंतीला कान लावून मी मोजते. काल चार वेळा. परवा सहा.
पुढच्या वेळची पेटी त्यांनीच आणायची."

मी भाकरी बाजूला ठेवली. पेन घेतलं.

झुबेदा: आखडणं दीड तास. ताप नाही.

अयूब: खोकला, सकाळी दोनदा, आत्ता लिहिताना एकदा.